सर्व्हर पाहावा पाळून

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. तुमची दोन्ही उरकली, हप्ते वेळेवर जातायत, आणि तरीही रात्री साडेअकराला तुम्हाला गाढ झोप लागते? मग तातडीने घरात एक सर्व्हर पाळा, म्हणजे घरचे फोटो-फाइली सांभाळत अहोरात्र जागा राहणारा संगणक.

सुरुवात हिशेबापासून करा, कारण घरात आधी तोच विचारला जाईल. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ला बंद झाली आणि तेव्हापासून बायको महिन्याला १३० रुपये भरते आहे. वर्षाचे १,५६०. आपलं सामान परक्याच्या वाड्यात आणि वर भाडंही आपणच द्यायचं! हे वाक्य जेवताना दोनदा म्हणा. मग शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, पोळीच्या डब्याएवढा जुना पीसी आणि ४ टीबीच्या दोन डिस्क उचलून आणा. सगळं तीस हजारांत बसवा. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांत पैसे वसूल. डिस्कची वॉरंटी तीन वर्षांची असते, पण तो कागद खोक्यातच राहू द्या. विजेचंही तेच. ३५ वॉटचं यंत्र अहोरात्र चाललं की महिन्याला २५ युनिटं होतात. त्याला दराने गुणलं तर १३० पेक्षा मोठा आकडा येतो, म्हणून गुणू नये.

४ टीबीची डिस्क मशीनला लावल्यावर ३.६४च दिसेल. घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या. हे बायकोला समजावून सांगायला जाल तर ती एवढंच विचारेल, "म्हणजे फसलास ना?"

आता जागा. माळ्यावर ठेवाल तर एप्रिलात डिस्कचा तवा होईल. पलंगाखाली ठेवाल तर तिथली धूळ पंख्यात आणि पंख्याची घरघर उशाशी. फायबरची तार जिथून आत येते तीच जागा खरी, आणि बहुतेक घरांत तिथे आधीच देव असतात. हरकत नाही, देव्हाऱ्याशेजारी ठेवा. फक्त खंडेनवमीला घरी थांबा. माझ्याकडे आईने कात्री, पाना, शिवणयंत्र यांच्याबरोबर सर्व्हरचीही यथासांग पूजा केली. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि ती माळ नेमकी जाळीवर आली. मी ऑफिसात. फोनवर एकामागून एक इशारे: ७८ अंश, ८४ अंश. घरी फोन केला तर आई म्हणाली, "असू दे रे, आजच्या दिवस फूल काढू नये." दिवाळीपर्यंत पंख्यातून पाकळ्या पडत होत्या.

यंत्र बसलं की पहिलं काम पाय-होलचं, म्हणजे घरभरच्या जाहिराती अडवणाऱ्या प्रोग्रामचं. जाहिरातींचे पत्ते विचारायला येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला तो "असं इथे कुणी राहत नाही" म्हणून परत पाठवतो. तुम्हाला वाटेल, घरचे दुवा देतील. पण आईच्या गेममध्ये जाहिरात पाहिली की नाणी मिळतात. आता जाहिरात नाही, म्हणून नाणी नाहीत, म्हणून आई रुसलेली. बायकोला शोधात वर दिसलेला साड्यांचा सेल उघडत नाही, कारण ती लिंकच जाहिरातीची. आणि घरातला प्रत्येक पत्ता आता याच डब्याला विचारला जाणार, तेव्हा डबा झोपला की अख्ख्या घराचं नेट झोपलं. ते बायकोच्या मीटिंगमध्येच झोपतं. इथून पुढे गॅस संपला तरी पहिला प्रश्न तुम्हाला येईल: "तू काही केलंस का?" खरं उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं. "अपडेट चालू आहे" म्हणायला शिका.

पुण्यात राहत असाल तर गुरुवारी पाण्यासोबत वीजही जाऊ शकते, ही सोय धरूनच चाला. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो. तो साध्या मोडवर असला की वीज गेल्यावर पंखा जेमतेम अडखळतो, पण सर्व्हर मरतो. यूपीएस मोडवर हवा. हे मला तिसऱ्या गुरुवारी कळलं, कारण पहिले दोन गुरुवार मी आमच्या मोलकरीणबाईंवर संशय घेण्यात घालवले. त्या बिचाऱ्या मिक्सरसाठी प्लग काढायच्या, पण फक्त मंगळवारी.

इतकं झालं की बाहेरून आपल्याच घरात शिरायची हौस येते. इथे कळतं की आपल्याला स्वतःचा पत्ताच नाही. इंटरनेटवर जो आकडी पत्ता लागतो, त्यातले आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण ४२९ कोटी, जगातली उपकरणं त्याहून जास्त. त्यामुळे तुमचा नेटवाला शेकडो घरांना एका पत्त्याआड बसवतो. चाळीला एकच टपालपेटी. आतून पत्र जातं, त्याचं उत्तरही येतं, पण आपणहून आलेला पाहुणा जिन्यापाशीच घोटाळतो. मी स्वतंत्र पत्ता मागितला तर तार जोडायला आलेला मुलगा चक्रावून म्हणाला, "सर, वायफाय येतंय ना? मग?" मला उत्तर सुचलं नाही. यावर उपाय म्हणजे परदेशात एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि त्याच्यामार्फत घरी यायचं. त्याचं भाडं १३० पेक्षा जास्त आहे. पण हे भाडं वेगळं, हे स्वराज्याचं.

बॅकअपबद्दल जाणकार सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. माझी घराबाहेरची प्रत सांगलीला बहिणीच्या कपाटात आहे, पैठणीखाली, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात. दर भाऊबीजेला ती ताजी होते. म्हणजे वर्षातल्या बाकी दिवसांचे फोटो ओवाळणीच्या भरवशावर.

सगळं नीट लागलं की मात्र लगेच गावाला जाऊ नका. मी गेलो. गुहागरला मामांकडे. रात्री जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, "तुझ्या मुंजीचे फोटो आहेत म्हणे तुझ्या त्या यंत्रात, दाखव की." मी विहिरीच्या कठड्यावर चढून रेंज पकडली, पण यंत्र ओ देईना. सात मिनिटं गोल चक्र फिरत राहिलं. तोवर बायकोने आपल्या फोनवरून फोटो काढून दाखवलेसुद्धा. १३० रुपये तिने बंद केलेच नव्हते. मामांनी तिचं कौतुक केलं.

पण प्रश्न आता फोटोंचा राहिला नव्हता. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली शेजारच्या काकूंकडे दिलेली होती. रात्री दहाला त्यांना फोन लावला.

"काकू, देव्हाऱ्याशेजारी एक काळा डबा आहे बघा. त्यावर निळा दिवा दिसतोय का?"

"कुठला रे, तो गुंई-गुंई करतो तो?"

"हो, हो, तोच."

"तो मी सकाळीच बंद केला. म्हटलं, घरात कुणी नाही, उगाच वीज कशाला जाळायची!"