खिडकीची परवानगी, वाड्याची नोटीस

गेल्या जूनमध्ये एकाच आठवड्यात माझ्या हातात दोन कागद पडले. पहिला इथल्या टपालपेटीत आला. व्हर्जिनियातल्या एका जुन्या गावात आमचं घर आहे, १८९० च्या आसपासचं, विटांचं, भिंतीला भिंत लागून असलेलं. त्याच्या पुढच्या सहा खिडक्या बदलण्याचा माझा अर्ज पुढच्या सुनावणीपर्यंत स्थगित ठेवल्याचं त्यात लिहिलं होतं. दुसरा कागद व्हॉट्सॲपवर आला, काकांनी काढलेला तिरका फोटो. नाशकात तिवंध्याजवळ आमचा वाडा आहे, त्याच्या दिंडी दरवाजावर चिकटवलेली नोटीस: इमारत धोकादायक झाली आहे, पावसाळ्यापूर्वी उतरवून घ्यावी, काही झाल्यास जबाबदारी मालकांची.

इकडे लाकडी खिडकीच्या जागी व्हिनाइलची बसवू का, म्हणून तीन महिने चौकशी. तिकडे अख्खा वाडा पाडा, म्हणून चार ओळी.

मी आगाऊपणा केला आणि माझं पत्र आमच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपचं नाव 'वाडा सर्व हिस्सेदार'. प्रॉपर्टी कार्डावर सतरा नावं आहेत, बाबांच्या मागे त्यांत माझंही लागलं. खाली लिहिलं, "बघा, जुनं कसं जपतात." दोन मिनिटांत चुलतभावाचं उत्तर आलं. "एवढं हेरिटेज आवडतं तर ये इकडे, आणि मागच्या खोलीत एक पावसाळा काढून दाखव." त्यावर आठ जणांनी अंगठे दाखवले. दादाचं चूक नव्हतं. मागच्या खोलीत पाणी गळायला लागलं की काकू परात ठेवतात, आणि परात भरल्याचा आवाज बदलला की झोपेतून उठून ती रिकामी करतात. मी इथे बसून त्या खोलीचे फोटो पाहते आणि कडीपाट किती सुंदर आहे म्हणते.

तरीही माझ्या खिडक्यांची हकिगत सांगते, कारण नाशिकच्या वादात अमेरिकेचं उदाहरण फार सैल हाताने दिलं जातं, आणि देणाऱ्यांत मीही होतेच.

इथे एखादा जुना मोहल्ला गावाच्या नियमाने 'हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट', म्हणजे ऐतिहासिक वस्ती, ठरला की त्यातल्या घराचं बाह्यरूप मालकाच्या एकट्याच्या मर्जीचं राहत नाही. १९३१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहराने असा नियम पहिल्यांदा केला. पुढे न्यू यॉर्कमध्ये पेन स्टेशनची देखणी इमारत १९६३ पासून पाडली गेली, लोक हळहळले आणि दोन वर्षांत तिथेही कायदा झाला. मालकांनी अर्थातच आरडाओरडा केला. ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधू द्या म्हणणारा खटला १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मालक हरले. तेव्हापासून 'माझं घर, माझी मर्जी' हा युक्तिवाद निदान इथल्या कोर्टात लंगडा आहे. परवानगीच्या कागदाला 'सर्टिफिकेट ऑफ ॲप्रोप्रिएटनेस' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर 'शोभतं' असं लिहून दिलेलं प्रमाणपत्र. माझ्या आजीने ते फुकट दिलं असतं, किंवा दिलं नसतं.

अर्जाला घराचे चारी बाजूंचे फोटो, खिडकीचा उभा छेद, नव्या खिडकीच्या कंपनीचं माहितीपत्रक आणि शेजाऱ्यांना कळवल्याचा पुरावा लागला. घराबाहेर पाटी लावली: या घरात बदल प्रस्तावित आहे, हरकत असल्यास अमुक तारखेला या. सुनावणी संध्याकाळी सात वाजता. समोर ही परवानगी देणाऱ्या बोर्डाची माणसं, त्यांतले काही आर्किटेक्ट, काही नुसतेच गावकरी. हरकत घेणाऱ्याला तीन मिनिटं. पलीकडच्या घरातल्या आजी काठी टेकत आल्या आणि तीन मिनिटांपैकी दोन मिनिटं माझ्या आधीच्या मालकाला नावं ठेवण्यात घालवली. मग बोर्डावरच्या एकाने नव्या खिडकीचा नमुना हातात घेतला, काचांमधल्या पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "जुनी पट्टी पाऊण इंचाची आहे, ही सव्वा इंचाची. शिवाय ती काचेला वरून चिकटवलेली आहे, सावली पडणार नाही." सावली! मला हसू आलं. घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या उन्हात जुन्या खिडकीकडे पाहिलं, तर पट्ट्यांची सावली खरंच काचेवर पडली होती. बारा वर्षं त्या घरात राहून मी ती पाहिली नव्हती.

पुढच्या सुनावणीत ठरलं ते असं: पुढच्या सहा खिडक्या बदलायच्या नाहीत, दुरुस्त करायच्या. थंडी अडवायला बाहेरून जास्तीची काच लावायची. मागच्या चार खिडक्या रस्त्यावरून दिसत नाहीत, तिथे हवं ते करा. दुरुस्तीला आलेल्या सुताराने चौकटीची पट्टी उचकटली, तर आत दोरीला टांगलेली ओतीव लोखंडी वजनं निघाली. त्यांच्या तोलावर खिडकी वर-खाली सरकते. एक दोरी तुटली होती, म्हणून ती खिडकी काठीचा टेकू देऊन आम्ही बारा वर्षं उघडत होतो. दोरी बदलली, खालचं कुजलेलं लाकूड कापून नवं जोडलं, लांबी भरली. खिडकी बोटाने सरकायला लागली.

इथपर्यंत हकिगत अमेरिकेच्या बाजूने आहे. पण त्या मंजुरीतलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रस्त्यावरून दिसत नाही, तिथे हवं ते करा. घराच्या आत शंभर वर्षांपूर्वीचा जिना आहे, त्याचे कठडे हाताने कातलेले आहेत. तो मी उद्या करवतीने कापून कचऱ्यात टाकला तर मला विचारायला कुणी येणार नाही. इथला नियम पाहतो तो रस्त्याकडचा चेहरा.

आता हा नियम तिवंध्याला लावून बघा. आमच्या वाड्याचा रस्त्याकडचा चेहरा म्हणजे काळ्या दगडाचं जोतं, वर विटांची भिंत, एक दिंडी आणि माडीवर एक सज्जा. बाकी सगळं वैभव आत. देवडी ओलांडली की चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीला सुरूच्या घाटाचे सागवानी खांब, खांबांवर केळफुलं कोरलेले हस्त, वर तुळया आणि कडीपाट. माजघराच्या भिंतीत कोनाडे, कोनाड्यांवर आजीच्या दिव्याची काजळी. वाडा बाहेरून चेहरा लपवतो आणि आत उलगडतो, ती त्याची रीतच आहे. अमेरिकन पद्धतीने जपायला गेलात तर दिंडी आणि सज्जा राहील, मागे चौक बुजवून सहा मजले उभे राहतील, आणि वर आपण म्हणू, जपलं की! यापेक्षा सरळ पाडलेलं बरं, निदान फसवणूक तरी नाही.

सिंहस्थ जवळ आला की गोदाघाटाला आणि पंचवटीला जुनं रूप द्यायची भाषा सुरू होते, त्याचीही मला हीच धास्ती वाटते. दुकानांना एकसारख्या पाट्या, भिंतींना एकसारखा रंग, खांबांना चिकटवलेल्या फायबरच्या महिरपी. त्याच रस्त्यावर मागे एखाद्या चौकातला खरा खांब वाळवी खात असतो, आणि त्याच्यासाठी कुठलंच बजेट नसतं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली, तिच्यात वारसा इमारतींच्या श्रेणी आहेत. पहिलीला जवळपास हात लावायचा नाही, दुसरीत आतून बदल चालतील पण बाहेरून जपून, तिसरीत बरीच मोकळीक. बांधकामाचा हक्क बुडाला तर टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरायला किंवा विकायला देण्याची, तरतूदही आहे. पण गावात श्रेणी हा शब्द उच्चारला की लोक दार लावून घेतात. 'यादीत नाव गेलं की संपलं, खिळा ठोकायची चोरी.' हे भय खोटं म्हणून उडवून लावता येत नाही. टीडीआर मिळतो तो न बांधल्याबद्दल. काकांना मागची तुळई बदलायची आहे, तिला पैसे लागतात ते आत्ता. वाड्यात दोन भाडेकरू आहेत, एकाचं भाडं महिना पंचेचाळीस रुपये. त्यात कौलं शाकारायला आलेल्या माणसाचा चहा आणि भजी होतात. भाडं पुरत नाही म्हणून मालक दुरुस्ती करत नाही, घर आपलं नाही म्हणून भाडेकरू करत नाही. खाली सराफ बाजाराकडे गेलं की आणखी एक भर पडते ती पूररेषेची. २००८ च्या पुरानंतर पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या निळ्या-लाल रेषा आखल्या गेल्या, आणि रेषेच्या आतल्या वाडेवाल्यांना नवं बांधता येईना, जुनं टिकवता येईना.

मग वाड्याचं काय होतं? अमेरिकेत त्याला 'डिमॉलिशन बाय निग्लेक्ट' म्हणतात, आणि कित्येक गावांत ते नियमाविरुद्ध आहे. घर मुद्दाम पडू द्यायचं, म्हणजे पाडायची परवानगी मागावी लागत नाही. नाशकात याला नाव नाही, कारण ते सर्रास आहे. दोन कौलं फुटतात, ती बदलायची नाहीत. पाणी तुळईच्या टोकात मुरतं, टोक भिंतीत कुजतं, भिंत फुगते, भाडेकरू भितो. मग नोटीस येते. कुणाकुणाला तर ती हवीच असते. ज्या घराला पाडायची परवानगी भाडेकरूंच्या कोर्टबाजीत वीस वर्षं मिळाली नसती, त्याला ती एका पावसाळ्यात मिळते. मी दादाला हे लिहिलं तेव्हा त्याने नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवला.

अमेरिकेतून एक गोष्ट मात्र उचलायला हवी, आणि ती बोर्डाची सुनावणी नव्हे, खिडकीवरचा शिक्का आहे. म्हणजे ऑफिसची खिडकी. खिडक्यांच्या भानगडीनंतर मला छपराचं पन्हळ बदलायचं होतं. भीत भीत गेले. बाईंनी फोटो पाहिला, विचारलं, "आहे तसंच घालणार?" मी हो म्हटलं. अर्ध्या तासात शिक्का. जुन्याच्या जागी तसंच नवं, त्याच मालाचं, त्याच मापाचं असेल तर सुनावणी नाही, शेजाऱ्यांना पत्र नाही. आणि अशा कामांची यादी भिंतीवर लावलेली.

काकांचा अडसर नेमका हा आहे. दुरुस्ती कुठे संपते आणि बांधकाम कुठे सुरू होतं हे त्यांना कुणी लिहून दिलेलं नाही. दाराशी वाळूची गाडी उतरली की गल्लीतला कुणीतरी तक्रार करतो, आणि मग समजावत फिरा. तुळईला तुळई, कौलाला कौल, चुन्याला चुना, याला त्याच दिवशी लेखी होकार मिळाला, तर गावातले निदान काही वाडे नोटिशीपर्यंत पोचणार नाहीत. आणि यादी करायचीच असेल तर ती रस्त्यावर उभं राहून फोटो काढत करू नका. देवडीतून आत या, चप्पल काढा, चौकात उभे राहून वर बघा.

अमेरिकेची आणखी एक बाजू ग्रुपवर मी सांगितली नाही, इथे सांगते. आमची गल्ली कागदोपत्री फार छान जपली गेली आहे. पण जुन्या शेजारणी सांगतात, पूर्वी इथे धोबीकाम करणारी, गोदीत राबणारी काळी कुटुंबं राहायची. नियम आले, घरं सुधारली, किमती चढल्या, कर चढले, ती माणसं गेली. आता खिडक्यांच्या पट्ट्या पाऊण इंची आहेत आणि त्या परवडणारे आमच्यासारखे लोक आत आहेत. तिवंध्याला दर रंगपंचमीला रस्त्याखालची पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंग खेळायचा हौद, उघडतात, पूजा करतात, रंगाचं पाणी भरतात आणि पोरं धपाधप उड्या मारतात. नंतर ती बुजवून त्यावरून पुन्हा रिक्षा जातात. ती रहाड टिकली ती गल्लीत माणसं टिकली म्हणून. वाडे जपले आणि त्यांत हॉटेलं आली, तर ती कोण उघडणार?

दादा म्हणतो, क्लस्टर होऊ दे, म्हणजे आसपासचे वाडे मिळून एकत्र नवं बांधू दे, जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळू दे, सगळ्यांना लिफ्ट आणि संडास-बाथरूमसकट फ्लॅट मिळतील. गावठाणात ही चर्चा कित्येक वर्षं चालू आहे, आणि काकूंच्या गुडघ्यांकडे पाहिलं तर त्याला नाही म्हणणं मला जड जातं. पण सतरा सह्या गोळा होईपर्यंत छप्पर थांबणार नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आधी मागची तुळई बदलू, मग भांडू. त्या कामाला माणूसही हुडकावा लागेल. खालून ठेपे देऊन, वरचा कडीपाट न उतरवता तुळई बदलणारे एक सुतारबाबा काकांच्या ओळखीचे आहेत. वय सत्तरच्या पुढे. मुलगा कॉलेज रोडला मॉड्युलर किचन करतो.

परवा काकांचा फोन आला. नोटिशीला उत्तर द्यायचं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडायचा, वगैरे बोलणं झालं. मग त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या त्या सहा खिडक्यांना किती पडले गं?"

मी आकडा सांगितला. व्हर्जिनियात जुन्या घराच्या दुरुस्तीवर खर्चाच्या पंचवीस टक्के करसवलत मिळते, पण घराच्या किमतीच्या प्रमाणात मोठा खर्च केला तर. नुसत्या खिडक्यांवर मिळाली नाही, हेही सांगितलं. काका पलीकडे डॉलरचे रुपये करत होते, मला तोंडातल्या तोंडात पुटपुटणं ऐकू येत होतं.

"तेवढ्यात आपली तुळई आणि वरचे दोन खण झाले असते," ते म्हणाले. आणि मग, "राहू दे. तुझी खिडकी आता नीट सरकते ना?"