युनिट दोन कुठाय?

सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, होण्याचे फायदे सांगणारे सिनियर ढिगाने भेटतात, तोटे सांगणारा एकही भेटत नाही. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे सेमिस्टर संपत आलं की एचओडी मॅडम बोलावून घेतात आणि म्हणतात, "अरे, तुमच्या वर्गाचा फीडबॅक जमा झालाय ना, त्याचा तेवढा सारांश करून आण. एक पान. आणि भाषा नीट ठेव हं." नॅकची, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची, टीम यायची असली की कॉलेजला विद्यार्थ्यांच्या मताची एकदम काळजी वाटायला लागते, एरवी आम्ही पाण्याच्या कूलरबद्दल घसा सुकेपर्यंत ओरडलो तरी (कूलर बंद असल्यामुळे तो लवकरच सुकायचा) कोणी ढुंकून बघत नाही.

बाकीच्या सरांचा सारांश अर्ध्या तासात झाला. चांगले शिकवतात, नोट्स देतात, माईक वापरावा. संपलं. अडकलो तो आमच्या स्पेशलच्या सरांपाशी.

तर आम्ही टी.वाय.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, स्पेशल हिस्ट्री. आता नवीन धोरणात चौथं वर्ष काढलं की त्याला ऑनर्स म्हणतात, पण आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं, आमचं आपलं स्पेशलच. जनरलला वर्ग भरून पोरं, स्पेशलला जेमतेम पंधराएक, त्यातली निम्मी एमपीएससीवाली जी अभ्यासिकेतली खुर्ची जाऊ नये म्हणून तिथे बॅग ठेवून फक्त अटेंडन्सपुरती यायची. पेपर मराठ्यांचा आर्थिक इतिहास. चार युनिटं, 30 मार्क इंटर्नल, 70 युनिव्हर्सिटी. युनिट एक जमीनमहसूल, युनिट दोन हुंडी आणि सावकारी, युनिट तीन आणि चारची नावं मला परीक्षेच्या आदल्या रात्री कळली.

सर वेळेवर यायचे, हे आधी सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल की माणूस कामचुकार होता. उलट. घंटेच्या आधी वर्गात हजर, खडू स्वतःचा, फळ्यावर तारीख घालायचे, शेजारी शक पण घालायचे, आणि मग विषय लिहायचे "शिवकालीन जमीनमोजणी". इथपर्यंत सगळं अभ्यासक्रमाप्रमाणे. पुढचा सबंध तास फळ्यावर त्या ओळीखाली काहीही लिहिलं जायचं नाही, कारण सर तिथून निघालेले असायचे.

एक तास सांगतो म्हणजे अंदाज येईल. विषय काठी. म्हणजे मोजणीची काठी. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी, वीस काठ्या लांब वीस काठ्या रुंद तो एक बिघा, 120 बिघ्यांचा एक चावर. आम्ही लिहून घेतलं, एमपीएससीवाल्यांनी दोनदा अधोरेखित केलं, आता पुढे. तर सर म्हणाले, "पाच हात, पण कोणाचे?" झालं. मागच्या बाकावरचा उंच पाटील उठवला, पुढच्या बाकावरची छोटीशी देशमुख उठवली (आडनावं बदललीयत, पण पाटील-देशमुखांच्या हातांनीच जमीन मोजली जाणार हे सरांना फार आवडलं असतं), दोघांच्या हातांनी वर्गाची भिंत मोजली, दोघांच्या काठीत चांगलाच फरक पडला, तो फरक चावरापर्यंत नेला तर कुळाचं केवढं नुकसान होईल ते बघितलं. इथपर्यंतसुद्धा मी म्हणेन ठीक आहे, हे शिकवणंच आहे, भारी शिकवणं आहे.

पण मोजणी निघाली म्हणजे लॅम्बटन निघाला. 1802 साली मद्रासजवळ या इंग्रज साहेबाने जमिनीवर साखळी टाकून अख्ख्या हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, त्याच्याकडचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचं, ते 1808 मध्ये तंजावरला देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून आदळलं आणि साहेब ते दुरुस्त करत कित्येक आठवडे तंबूत बसला. "आणि तंजावरला तेव्हा राजा कोण?" सर विचारतात. सरफोजी भोसले. "आणि त्याच देवळाच्या भिंतीवर त्याने 1803 मध्ये काय कोरून ठेवलंय? भोसल्यांचा इतिहास. मराठीत! बघा, आलो की नाही परत मराठ्यांवर?" आलो होतो खरे. अडचण एवढीच की तंजावरला आलो होतो आणि युनिट रायगडावर होतं.

आणि मोजणीवरून रेखांश, रेखांशावरून घड्याळ. एका अंशाला चार मिनिटं. 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी अंशावरची वेळ सगळ्या देशाला लागू झाली, पण मुंबई हटून बसली आणि 1955 पर्यंत तिथे मुंबई टाइम चालू होता, स्टँडर्ड टाइमच्या 39 मिनिटं मागे. नेमकी इथे घंटा झाली. पोरांनी वह्या मिटल्या. सर शांतपणे म्हणाले, "ही स्टँडर्ड टाइमची घंटा. मुंबई टाइमप्रमाणे आपल्याकडे अजून 39 मिनिटं आहेत."

आमच्यात एक जण असा होता ज्याचा दुसरा विषय भूगोल. तो हात वर करून म्हणतो, "सर, पण आपण पुण्यात आहोत. पुणे पावणेचौऱ्याहत्तरच्या जरा पुढे आहे, म्हणजे इथे 35च मिनिटं." सरांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "शाब्बास!" म्हणाले, आणि ती 35 मिनिटं पूर्ण घेतली. त्या मुलाशी वर्गातले अर्धे लोक बरेच दिवस बोलत नव्हते.

एकदा आषाढी एकादशीला सगळ्यांनी डबे उघडले होते तर सर डब्यात डोकावून म्हणाले साबुदाण्याचा कंद अमेरिकेतला, बटाटा तिथलाच, शेंगदाणा तिथला, मिरची पण तिथली, मग शिवकाळातला माणूस उपासाला खायचा काय? प्रश्न आर्थिक इतिहासाचा आहे असं त्यांचं म्हणणं होतं आणि तो नाही असं सिद्ध करणं आम्हाला जमलं नाही. पोर्तुगीज, गोवा, मिरीचा व्यापार, परत वखार. खिचडी गार झाली.

तर आता हा फॉर्म.

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्व्हेत वीस प्रश्न असतात आणि एकविसावा मोकळा, कॉलेजने तोच उचलून गूगल फॉर्म केला होता. पहिलाच प्रश्न: वर्गात किती टक्के अभ्यासक्रम शिकवला गेला? पर्याय 85 ते 100, 70 ते 84, 55 ते 69, 30 ते 54, आणि 30 पेक्षा कमी. यावर ग्रुपवर जे भांडण झालं ते पहाटेपर्यंत चाललं. एमपीएससीवाली ताई (वयाने मोठी, म्हणून सगळे ताईच म्हणायचे) म्हणाली 30 पेक्षा कमी, विषय संपला, माझी दोन वर्षं गेलीत परीक्षा देण्यात, मला गोपुराचं काय करायचंय. दुसरा म्हणाला 85 ते 100 टाका, सरांनी सगळं शिकवलंय, फक्त ते आपल्या पेपरचं नव्हतं. भूगोलवाला म्हणाला त्याच्या भूगोलाच्या पेपरचा बराचसा भाग आपल्या सरांकडूनच झालाय, ते टक्के कुठल्या डिपार्टमेंटला धरायचे? हा प्रश्न मला आजही योग्य वाटतो.

बारावा प्रश्न होता, शिक्षक संकल्पना उदाहरणांतून समजावतात का. इथे एकमत झालं. सगळ्यांनी "प्रत्येक वेळी" टाकलं. संकल्पना राहून गेली असेल, उदाहरण कधीच राहिलं नाही.

मग एकविसावा, मोकळा. खरी मजा इथे आणि माझं खरं मरण पण इथेच. काही नमुने, जसेच्या तसे:

"सर लय भारी हाईत, पण युनिट दोन कुठाय?" हा कोल्हापूरचा.

"सरांना घंटा ऐकू येत नाही असं वाटायचं. येते. ते मानत नाहीत."

"माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा एखाद्या तासानंतर लायब्ररीत गेले आणि मोडीची पुस्तकं काढली. कृपया सरांना सांगू नका, ते मोडीवर सुरू होतील."

"मी पहिल्या बाकावर बसतो. भिंत मोजायला प्रत्येक वेळी मलाच का?"

आणि एक तर असा की मी वाचून खुर्चीत उडालो. पानिपतच्या बातमीचं ते सावकारी पत्र आम्हाला सरांनीच सांगितलं होतं, दोन मोती गळाली वगैरे, म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. (हे हुंडीच्या युनिटमध्ये येणार होतं, पण ते युनिट एकच्या तिसऱ्या तासाला येऊन गेलं, म्हणून युनिट दोन आलं नाही असं म्हणणंही तसं अन्यायाचंच.) तर कोणीतरी लिहिलं होतं: "दोन युनिटं गळाली, इंटर्नलच्या मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला गणती नाही. बहुत काय लिहिणे." आता ही तक्रार आहे का गुरुदक्षिणा आहे, मी कुठल्या कॉलममध्ये टाकू?

आकड्यांची तर वेगळीच गंमत. निम्म्यांनी सरांना पाचपैकी एक दिला होता, निम्म्यांनी पाच. मधले दोन-तीन-चार कोणीच दिले नव्हते, अक्षरशः कोणीच. गूगलने सरासरी काढली, तीन. तीन म्हणजे "समाधानकारक". म्हणजे पंधरा लोकांमध्ये एकालाही सर समाधानकारक वाटले नव्हते, आणि रिपोर्टमध्ये मात्र ते समाधानकारक म्हणून नोंदले जाणार होते, आमच्या त्या माईक वापरावा वाल्या सरांच्या अगदी शेजारी, त्याच मार्कांवर. मला स्वतःला विचाराल तर मी काय दिले? एक द्यायला गेलो, मग मुंबई टाइम आठवून हसायला आलं, मग पाच द्यायला गेलो, तर युनिट तीन आठवलं आणि हसायचं थांबलं. शेवटी मी सीआर असल्याने तटस्थ राहावं असं स्वतःला सांगून तो प्रश्न मोकळा सोडला.

मॅडमनी भाषा नीट ठेव सांगितलं होतं. तर बसलो रात्री, ठेवली नीट. "सर भरकटतात" याचं झालं "अध्यापनात आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन प्रकर्षाने आढळतो." "तास संपतच नाही" याचं "अध्यापक नियोजित वेळेपेक्षा अधिक वेळ विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध असतात." "युनिट दोन, तीन, चार झालीच नाहीत" याचं "स्वयंअध्ययनास भरपूर वाव दिला जातो." कोणीतरी लिहिलं होतं दुपारच्या तासाला झोप लागते, त्याचं मी "वर्गातील वातावरण तणावमुक्त असते" केलं आणि माझं मलाच कौतुक वाटलं. भिंत मोजण्याचा मुद्दा "कृतिशील अध्ययन". पान भरलं. वाचून बघितलं तर असा प्राध्यापक ऑक्सफर्डला पण नसेल.

मॅडम खूश. पण म्हणाल्या, यावर कृती अहवाल लागतो, म्हणजे फीडबॅकवर काय कारवाई केली ते संबंधित शिक्षकाने लिहून सही करायची, तेवढी सही घेऊन ये, पाचच्या आत पीडीएफ अपलोड करायचीय. मी निघालो तेव्हा साडेतीन वाजले होते. स्टँडर्ड टाइम.

सर डिपार्टमेंटच्या लायब्ररीत एकटेच बसले होते. पान हातात घेतलं, चष्मा वर केला, सावकाश वाचलं. मला वाटलं रागावतील किंवा वाईट वाटेल त्यांना. वाचून झाल्यावर म्हणाले, "कोणी लिहिलं हे?" म्हटलं, मी. "अरे, ही तर बखर आहे!" एकदम खूश. "बस, बस. बघ, बखरकाराला पण हेच करावं लागतं. खरं तर सांगायचं, पण ज्याच्या पदरी बसलोय त्याला दुखवायचं नाही. सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली ती कोणाच्या सांगण्यावरून?"

राजाराम महाराजांच्या, सर.

"कुठे बसून?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण तीन वर्षं त्यांच्याकडे काढलेली, तोंडातून गेलंच. जिंजीला, सर.

"जिंजी!" म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून उभे राहिले, पान टेबलावर, पेन पानावर, टोपण लावलेलं. एक किल्ला नाही तो, तीन डोंगर आणि त्यांना जोडणारी तटबंदी. खाली झुल्फिकारखान. औरंगजेबाची पत्रावर पत्रं. वेढा आठ वर्षं. मी दोनदा पानाकडे बघितलं, सरांनी ते एका डोंगराखाली घेतलं, कारण तोवर टेबलावर डस्टर, डबा आणि माझा हेल्मेट असे तीन डोंगर झाले होते.

पावणेपाचला मॅडमचा फोन. "अरे, सही झाली का?"

म्हटलं, "मॅडम, जिंजीचा वेढा चालू आहे."

मॅडम पण शेवटी हिस्ट्रीच्याच. क्षणभर शांतता, मग म्हणाल्या, "राजाराम महाराज निसटले का?"

"ते निसटले, मॅडम. मी अजून आत आहे."