वेळ नसलेली येळवस

आमच्या घरात चार माणसे राहतात, याला पुरावा म्हणून सध्या फक्त रेशनकार्ड दाखवता येते. मुलगा बारावीत आहे आणि नीटची तयारी करतो, मुलगी दहावीत आहे, आणि ज्या लातुरात नांदेड, परभणी, बीडकडची लेकरे खोल्या घेऊन शिकायला येतात, तिथे स्वतःचे घर असलेली आमची लेकरे त्या घराचा उपयोग तेवढ्याच काटकसरीने, म्हणजे झोपेपुरता, करतात. बहीणभाऊ दिवसातून एकदा, रात्री साडेनऊला, चार्जरवरून भांडताना भेटतात. सौ. एकच वरण चार वेळा गरम करते आणि चौथ्या वेळी ते माझ्या वाट्याला येते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये पाण्याची रेल्वे पहिल्यांदा लातूरला आली, तेव्हा मी या दोघांना हाताला धरून ती दाखवायला नेले होते. दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून आमच्या दारापर्यंत पोहोचले. पण दीड किलोमीटरवरच्या शिकवणीतून निघालेला मुलगा घरी किती वाजता पोहोचेल, हे आज खुद्द त्यालाही सांगता येत नाही.

म्हणजे सांगता येत असेलही, पण तो सांगत नाही. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो; म्हणून खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यावा, हे तंत्र त्याच्या इतके अंगी मुरले आहे की "जेवायला येणार का?" हा प्रश्न तो दोन वर्षांपासून सोडून देत आहे. मुलगी उलट बोर्डाच्या पद्धतीने, म्हणजे सविस्तर आणि कारणांसह उत्तर देते, मात्र निष्कर्ष तोच निघतो.

अशा घरात येळवस आली. मार्गशीर्षातल्या या वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडची माणसे घराला कुलूप घालून शेतात जातात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजारपेठ ओस पडते. मुलाच्या शिकवणीने मात्र त्याच दिवशी संध्याकाळी पाचला सराव परीक्षा ठेवली होती. गावाकडून आईचा फोन आला, "लेकरं यायलेत का न्हाई?" मीही तो प्रश्न सोडून दिला.

कचेरीत वीस वर्षे साहेबांच्या दौऱ्यांचे कार्यक्रम आखलेले असल्यामुळे मी रीतसर वेळापत्रक तयार करून फ्रिजवर चिकटवले. नऊला प्रस्थान, साडेदहाला पूजा, साडेअकराला भोजन, दोनला परतीचा प्रवास. त्यावर मुलीने आक्षेप घेतला की भूमितीच्या उजळणीची तरतूद केलेली नाही, आणि मुलाने पेन्सिलीने पूजेची दहा मिनिटे कमी केली. सौ.ने मात्र ते न वाचताच उंड्यांसाठी बाजरीचे पीठ काढले. पहाटे चारपासून ती चुलीशी होती, त्यामुळे प्रस्थान वेळेवर झाले याचे श्रेय वेळापत्रकाला देणे योग्य होणार नाही.

शेतात ज्वारी डोक्याएवढी झाली होती. कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव होऊन बसले होते. मुलाने नारळ फोडला, मग आंबिलाचा तांब्या घेऊन चर शिंपत, म्हणजे ते आंबील पिकावर शिंपडत, शेताला फेरी मारायला निघाला. दहा मिनिटांत यायचा तो अर्धा तास आला नाही. पाहिले तर हरभऱ्याच्या पाटीत उकिडवा बसून घाटे सोलून खात होता. मुलीने भूमितीचे पुस्तक उघडले खरे, पण आईने त्यावरच पत्रावळ ठेवून भज्जी वाढली. ही भज्जी म्हणजे शहरातली कांदाभजी नव्हे, हे बाहेरच्या वाचकांना सांगणे भाग आहे: तुरीचे दाणे, वाल, हरभरा, मेथी, चुका अशी रानातली सगळी हिरवाई बेसनात एकत्र घोटलेली असते, आणि ती खाल्ल्यावर वर गार आंबील प्यायले की माणूस कोणत्याही परीक्षेला लायक राहत नाही.

मुलगी पहिल्यांदा आडवी झाली. मग सौ., जी पहाटेपासून उभीच होती. मुलगा "पाचच मिनिटे" म्हणून बहिणीच्या शेजारी लवंडला. वेळेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी माझी होती, म्हणून मी बांधाला टेकून, मोबाईल पोटावर ठेवून, जागा राहिलो. निदान तसे मला वाटले.

जाग आली तेव्हा ज्वारीवरचे ऊन पिवळे झाले होते आणि पोटावर मोबाईल नव्हता. साडेपाच वाजले होते. आई चुलीपाशी बसून उरलेल्या उंड्यांवर फडके बांधत होती. मी घाबऱ्या आवाजात मोबाईल विचारला, तेव्हा तिने बोट ओठांवर ठेवून कोपीकडे मान वळवली.

"कवाचं वाजायलं होतं. कडब्यात खुपसून ठिवलंय. लेकरं झोपलेत, हळू बोल."