हेड उतरवण्याआधी : पद्मिनीवाल्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘इंजिन काम झाल्यावर तक्रार आली तर हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवण्याआधी बाहेरचं तपासा’ हा माझ्या लेखातला सल्ला तुम्हाला घरबसल्या दिलेला वाटला. तुमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीनं बोअरिंगनंतर (सिलिंडर आतून कोरून मोठे केल्यावर) निळा धूर मारला, मिस्त्रींनी इंजिन पुन्हा खोलून पिस्टनच्या रिंगा टाकल्या आणि धूर बंद झाला. तपासत बसलो असतो तर महिना गेला असता, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिरांना तुम्ही काय शिकवणार, असं तुमचं म्हणणं.

कारागिरांविषयी आधी बोलतो. मला जे थोडंफार येतं ते उद्यमनगरातल्या लेथपाशी उभं राहूनच आलंय. त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. मला सलते ती खोलायची घाई, आणि ती बऱ्याचदा आपण मालकच लावतो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इथवर आपलं एकमत. पण ते रिंगांवरून वर चढतंय की व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून) खाली उतरतंय? पन्हाळ्याहून वाघबीळकडे गाडी गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरवा आणि खाली आल्यावर एकदम दाबा. तेवढ्यापुरताच निळा लोट आला तर संशय गाइडवर. चढाला लोडवर धूर येतच राहिला तर रिंगांवर. मग चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगा-बोअरची, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेटची. याला एक सकाळ पुरते, महिना लागत नाही.

आणखी एक. नव्या रिंगा बसायला लोड लागतो. काम झाल्यावर गाडी जागेवर उभी करून तासन्‌तास इंजिन चालू ठेवलं, तर बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ऑइल जळतच राहतं. दुसऱ्यांदा रिंगा टाकताना मिस्त्रींनी होनिंग केलं होतं का, म्हणजे बोअर घासून त्यावर बारीक रेघा पाडल्या होत्या का? केलं असेल, तर धूर रिंगांनी थांबला की होनिंगनं, हे आज सांगता येणार नाही.

माझा हट्ट कुठून आला तेही सांगतो. माझ्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं. तापमानाचा काटा सारखा लाल पट्ट्यात. दोनदा हेड उतरलं, दोनदा फेस मारला (तळ घासून सपाट केला), दोन गॅसकेट गेली. तिसऱ्यांदा पाना लावायच्या आधी थर्मोस्टॅटच्या घरावर थर्मामीटर गन धरली, तर ८४ अंश! मीटर जुन्या गाडीचा, सेंडर (तापमान मीटरला कळवणारा भाग) नव्या इंजिनाचा, दोघांचा मेळच नव्हता. जुळणारा सेंडर टाकल्यावर काटा मध्यावर आला. पण हेडची घासली गेलेली जाडी काही परत आली नाही.

तुमच्यामुळे एक उणीव मात्र ध्यानात आली. ऑइल प्रेशरचा दिवा पेटला किंवा खालून ठोका येऊ लागला, तर गाडी चालवून तपासायचं नाही, इंजिन तिथंच बंद करायचं. हे मी लिहायला हवं होतं. मूळ लेखात आजच घालतो.

आणि पहिल्या खेपेच्या रिंगांचा डबा अजून असेल तर त्यावरचा साइज बघा. बोअर वीस थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून त्यात स्टँडर्ड रिंगा गेल्या असतील, तर पहिल्या धुराचं कारण तिथंच सापडेल. आकडा जरूर कळवा.