चॅनल काढताय? झेंडा मोठा घ्या

प्लॉटिंगमधून चार पैसे सुटलेत, कारखान्याच्या निवडणुकीत एकदा पडूनही झालंय, आणि आता स्वतःचं न्यूज चॅनल काढावं असं तुमच्या डोक्यात घोळतंय म्हणे. काढा की. सप्टेंबर 2025 च्या पुरात एका रात्री मी तासभर टीव्हीसमोर बसून या धंद्याचा अभ्यास केलाय. तेव्हा चार गोष्टी सांगतो, फुकटात.

आधी अर्ध्या तासाचं समजून घ्या. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये उपग्रह वाहिन्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. रोज 30 मिनिटं राष्ट्रीय महत्त्वाचं आणि समाजोपयोगी काहीतरी दाखवायचं. कारण काय, तर प्रसारण ज्यावरून होतं त्या लहरी ही जनतेची मालमत्ता. (सुप्रीम कोर्टाने 1995 साली हे सांगितलं, तेव्हा लहरींवर सरकारचीही मक्तेदारी नको असं सोबत सांगितलं होतं. पण निकाल अर्धाच वाचायची सवय तुम्हालाही लावून घ्यावी लागेल.) घाबरू नका, जानेवारी 2023 मध्ये गाठ सैल झाली. सलग अर्धा तास नको, तुकडे चालतील, महिन्याचे 15 तास भरले की बास. रात्री 12 ते सकाळी 6 मधलं तेवढं धरत नाहीत. मालिकेच्या पोटात घातलेलंही मोजलं जातं. म्हणजे सासूने सुनेचं ताट भिरकावता भिरकावता ‘पोरीला शाळेत घाल’ म्हटलं, की झाला साक्षरता प्रसार. लिहा वहीत.

विषय आठ दिलेत. शिक्षण, शेती व ग्रामविकास, आरोग्य, विज्ञान, महिला, दुर्बल घटक, पर्यावरण व वारसा, आणि शेवटी राष्ट्रीय एकात्मता. तुम्ही पहिले सात सोडून थेट आठव्यावर या. कामून? शेती दाखवायची तर चिखलात गाडी घालावी लागते. सोयाबीनचा भाव विचारावा लागतो, पीकविमा कुठं अडकला ते विचारावं लागतं, आणि विचारलं की संध्याकाळी कुणाचा तरी फोन येतो. झेंड्याला ना चिखल, ना फोन. एकदा करून घेतलेला ग्राफिक्सचा झेंडा पाच वर्षं फडकतो, वारं असो नसो.

अँकरचा कोट काढा, खिशाखिशाचं हिरवट जाकीट चढवा.

जंगली जनावरांचं चॅनल काढलंत तर अर्धा तास माफ आहे. वाघावर अजून सक्ती नाही.

आवाजाकडे लक्ष द्या. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना वाहिन्यांनी हवाई हल्ल्याचा भोंगा किती वाजवला, आठवतंय ना? बातमीआधी भोंगा, बातमीनंतर भोंगा, मधे जाहिरात, पुन्हा भोंगा. आमच्या शेजारची आजी दारात येऊन विचारायली, गाळप तर कवाच संपलं, मग मे महिन्यात कारखान्याचा भोंगा कसा काय? शेवटी सरकारलाच पत्रक काढून सांगावं लागलं, की बाबांनो, कार्यक्रमात भोंगे वाजवू नका, लोकांना सवय होईल आणि खरा वाजला तर कुणी उठायचं नाही. ज्याला खूश करायला वाजवत होते त्यानेच कान धरला! सांगितलं तेवढं करणारा नोकर. न सांगता दुप्पट करतो त्याला काय म्हणतात ते आमच्याकडं चारचौघांत बोलत नाहीत. तुम्ही मात्र तिथपर्यंत पोचायचंय. देशभक्ती दाखवा असा कागद तुम्हाला कधी कुणी पाठवणार नाही. लागतच नाही कागद. केरळातल्या मीडिया वन नावाच्या मल्याळी वाहिनीचं उदाहरण पुरेसं आहे. जानेवारी 2022 च्या शेवटी ती पडद्यावरून गेली. कारण राष्ट्रीय सुरक्षा, आणि तपशील बंद लखोट्यात. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2023 मध्ये ती बंदी उठवली, सुरक्षेचं कारण असं हवेतून काढता येत नाही म्हणून सुनावलंही. मधे मार्च 2022 पासून कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशावर वाहिनी चालू होती, पण निकाल येईतो सव्वा वर्ष टांगती तलवार होतीच. प्रत्येक मालकाने त्या सव्वा वर्षाचा हिशेब आपापल्या पगाराच्या यादीशी लावून बघितला असणार. तुम्हीही लावा.

आता त्या रात्रीचं.

माझी बहीण गेवराई तालुक्यात गोदाकाठी दिलीय. रात्री साडेनवाला तिचा फोन आला. “दादा, टीव्हीवर काय सांगायलेत? जायकवाडीतून किती सोडलंय? हे जनावरं वरच्या अंगाला न्यायलेत. म्हातारीला हलवावं का राहू द्यावं?” त्यांच्याकडं दुपारपासून लाईट नव्हती. मी म्हटलं थांब, बघून सांगतो. टीव्ही लावला, तर बर्फ पडत होता. बर्फात जवानाची सावली, मागे गाणं, आणि अख्ख्या पडद्यावर तिरंगा. खाली दोन ओळींची पट्टी. वरच्या ओळीत ‘जायकवाडीतून विसर्ग वाढवला, गोदाकाठच्या गावांना इशारा’. खालच्या ओळीत आकडा असणार. पण त्या ओळीवर झेंड्याचा हिरवा पट्टा येऊन बसलेला. मी चष्मा पुसला, उठून टीव्हीजवळ गेलो, ‘क्युसेक’मधला शेवटचा क तेवढा दिसला. गाणं संपलं. जाहिरात. मग शेजारी देशाला कसं झोडपलं याची चर्चा, मग पुन्हा बर्फ. तासाभरात तीनदा बर्फ. सप्टेंबरात, मराठवाड्यात, पाण्याखाली गेलेल्या सोयाबीनसमोर!

आकडा पावणेबाराला व्हॉट्सॲपवर आला, कालव्यावर नोकरीला असलेल्या एका ओळखीच्या पोराकडून. तोवर बहिणीने सासूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून शाळेत नेलं होतं. टीव्हीच्या भरवशावर राहिली नाही म्हणून बरं.

अरे, देशभक्ती कुणाला शिकवता? या मातीतली माणसं रझाकारांशी लढलीत. उमरीची बँक लुटून त्या पैशातून लढा चालवलेली माणसं आमच्या नांदेडकडची. त्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा, त्याच्या गावातून त्याच्याविरुद्ध उभे राहिलेत लोक. 15 ऑगस्ट 1947 नंतर तेरा महिने स्वातंत्र्याची वाट बघितलीय आम्ही. हैदराबादच्या सरकारी रेडिओवरून सगळं आलबेल असल्याचं ऐकायचं आणि गावात घरं जळताना बघायची, हे आमच्या आज्या-पणज्यांनी भोगलंय. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाला त्याच रेडिओवरून माघार सांगावी लागली. यावर एक अर्धा तास करा ना! नाही करत. 17 सप्टेंबरला संभाजीनगरातल्या सिद्धार्थ उद्यानातलं झेंडावंदन, मंत्री कोण आले, कोण नाही आले, संपलं.

आणि सरकारनेही ऐकावं. शेती, आरोग्य, दुर्बल घटक हे तुमच्याच कागदावर लिहिलंय. धरणाचा आकडा त्यात बसत नाही काय? लहरी जनतेच्या म्हणता, मग पूर आल्यावर जनतेला तेवढी दोन मिनिटं द्या. आणि चॅनलवाल्यांनो, बर्फातल्या जवानाचं नाव पुढे करून तुमचा भित्रेपणा झाकू नका. त्याची आई पण कुठंतरी नदीकाठीच राहत असेल, आणि तिलाही त्या रात्री आकडाच पाहिजे असेल.

त्या हिरव्या पट्ट्याखाली काय लिहिलं होतं ते मला अजून माहीत नाही. पट्टा बाजूला घ्या आधी. मग वाजवा काय वाजवायचं ते.