म्हणे, आरसा पाठीवर चिकटवून टाका!

दुर्बिणीचा आरसा सेलमध्ये, म्हणजे त्याला मागून धरणाऱ्या चौकटीत, कसा बसवावा, याचा एक मेसेज गेले काही दिवस फिरतोय. तो शेवटी माझ्या भाच्यापर्यंत पोचला. आठ इंची नवा आरसा, शेजारी एपॉक्सीची, म्हणजे कडक होणाऱ्या गोंदाची, ट्यूब. "मावशी, चिकटवू ना?" ट्यूब उघडायच्या आत विचारलं, हे नशीब.

मेसेज म्हणतो, काच कठीण, ती वाकत नाही. मग पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीतल्या 200 इंची आरशाच्या पाठीला 36 आधार कशाला दिले, शोभेला? काच स्वतःच्याच वजनाने वाकते. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला की झोळ सोळापट. डोळ्याला दिसत नाही, पण पृष्ठभाग 70 नॅनोमीटरने चुकला तरी प्रतिमा बिघडू लागते.

पुढचं वाचून मी कपाळावर हात मारला: 'पूर्ण पाठ ॲल्युमिनियमच्या प्लेटला एपॉक्सीने चिकटवा, आधार जितका जास्त तितका बरा.' रात्री तापमान 10 अंशांनी उतरलं की आठ इंची प्लेट साधारण 47 मायक्रॉन आक्रसते, पायरेक्स काचेचा आरसा जेमतेम 7. एपॉक्सी सोडत नाही, म्हणजे उरलेल्या 40 मायक्रॉनची ओढ काचेने सोसायची. सगळीकडून सारखी ओढली असती तर फोकस सरकवून बरंचसं भागलंही असतं. पण एपॉक्सी कुठे जाड, कुठे पातळ. मग तारा फोकसच्या एका बाजूला आडवा लांबट, दुसऱ्या बाजूला उभा.

न चिकटवता नुसता ठेवला तरी तेच रडगाणं. प्लेट कितीही सपाट दिसो, आरसा टेकतो तिच्या दोन-तीन उंचवट्यांवर, आणि ते कुठे असावेत हे तुम्ही ठरवलेलं नसतं. नऊ किंवा अठरा बिंदूंच्या सेलमध्ये आरसा छोट्या त्रिकोणांच्या कोपऱ्यांवर टेकतो आणि ते त्रिकोण झुलते असतात, म्हणून वजन वाटलं जातं. मेसेजवाल्याला तो 'दिखाऊपणा' वाटतो.

बरं, सहा इंची, इंचभर जाड आरशाला तीन बिंदू पुरतात. तिथे अठरा म्हणजे हौसच. ढिला आरसा सरकतो आणि कोलिमेशन, म्हणजे दुर्बिणीतल्या आरशांची एका रेषेतली जुळणी, जातं, हेही कबूल. त्यासाठी सिलिकॉनचे तीन ठिपके पुरतात, ते लवचिक असतात.

राहिलं 'आरशाच्या कडेच्या क्लिपा करकचून आवळा'. हा उद्योग भाच्याने जुन्या आरशावर करून ठेवला होता. फोकसबाहेर नेलेला तारा गोल चकतीऐवजी तिकोनी. स्क्रू सैल केले, क्लिप आणि काचेमध्ये कागद सरकेल इतकी फट ठेवली. चकती गोल झाली. एपॉक्सी शेवटी स्टुलाच्या मोडक्या पायाला लागलं.