टॅब घ्यावा का, आणि कोणाच्या नावावर?

माझी पत उणे एक आहे. शून्य असती तरी म्हणता आलं असतं की अजून खातंच उघडलेलं नाही. उणे एक म्हणजे शून्यावर यायलाही मला काहीतरी कमवावं लागणार. हे मला जळगावातल्या एका दुकानात, भर गर्दीत, मिसरूड फुटलेल्या एका पोरानं कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. मागं उभ्या असलेल्यांनी माना लांब करून ते वाचलं. चष्मा नसलेल्यांनी शेजाऱ्याला विचारून घेतलं.

निमित्त टॅबचं. ४ मार्च २०२५ ला अ‍ॅपलनं नवा आयपॅड जाहीर केला, किंमत ३४,९०० रुपये. मी मुद्रितं तपासतो. प्रबंध, वार्षिक अहवाल, स्मरणिका, अधूनमधून लग्नपत्रिका. पूर्वी लोक कागद आणून द्यायचे, आता रात्री अकराला मोबाइलवर पीडीएफ टाकतात आणि साडेअकराला ‘झालं का सर?’ विचारतात. मोबाइलवर ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी या वयात सारख्याच दिसतात. म्हटलं, मोठा पडदा असेल, त्यावर पेन्सिलीनं खुणा करता येत असतील, तर बघू या. दुकानदार म्हणाला, रोख कशाला देता काका, नो कॉस्ट ईएमआय आहे ना. आधार घेतलं, पॅन घेतलं, आणि आम्ही ओटीपीची वाट बघत बसलो. तो ओटीपी बहुधा मनमाडवरून पॅसेंजरनं निघाला होता.

माझ्या शेजारच्या स्टुलावर एक बाबा बसले होते. धोतर, टोपी, पायाशी कापडी पिशवी, पिशवीतून मेथी डोकावतेय. पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी. नातू मोबाइलची काच बदलायला आत गेला होता, आणि बाबा एसीच्या बरोबर खाली जागा धरून होते. ती जागा त्यांनी कोणालाही दिली नाही. मी डेमोचा आयपॅड हातात घेतला तशी त्यांनी मान वळवली.

“कितलाले से हाई?”

“चौतीस हजार नऊशे.”

“पस्तीस सांग ना मंग. येनावर फोन लागस का?”

“नाही बाबा. यात सिम नाही. सिमवाला वेगळा, तो पन्नास हजारांच्या घरात.”

“व्हाट्सप?”

इथं मी अडकलो. आयपॅड पहिल्यांदा बाजारात आला २०१० साली, आणि तेव्हा, म्हणजे मे २०२५च्या अखेरीपर्यंत, त्यावर व्हॉट्सअ‍ॅपचं स्वतःचं अ‍ॅप नव्हतं. ब्राउझरमधून चालवावं लागायचं. हे बाबांना समजावताना माझं मलाच पटेना. विषय बदलावा म्हणून मी सांगितलं की, बघा, आता यात कॅल्क्युलेटरही आलाय, गेल्या वर्षीच दिला त्यांनी.

“गेल्या साली? त्यानापहिले?”

“त्याआधी चौदा वर्षं नव्हता.”

बाबांनी माझ्याकडे नाही, आयपॅडकडे बघितलं. दया आल्यासारखं. “पस्तीस हजारनं यंत्र, नि बेरीज येत नही?”

काउंटरवरचा पोरगा फिस्सकन हसला. मी म्हणालो, बाबा, मला बेरीज नाही करायची, वाचायचंय. ते म्हणाले, वाचाले पस्तीस हजार? मना नातूनी पुस्तकं शायामा फुकट भेटतस. मी म्हणालो, पेन्सिलीनं खुणा करायच्यात. ते म्हणाले, पेन्सिल दाखाड. आता पेन्सिल डब्यात येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते आणि तिचे ७,९०० रुपये पडतात. हे सांगायला माझी जीभ रेटेना, पण पोरानं सांगून टाकलं. वर हेही सांगितलं की या पेन्सिलीला दाब कळत नाही, जोरात दाबली काय अन् हळू दाबली काय, रेघ तेवढीच. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतली मेथी नीट केली. तो अपमान मला जास्त लागला.

मग त्यांनी या सगळ्या व्यवहारातला एकमेव शहाणा प्रश्न विचारला. “ऊनमा चालस का?”

हा प्रश्न यूट्यूबवर टॅबची चिरफाड करणाऱ्या एकाही पोरानं विचारलेला मी ऐकला नाही. ती पोरं बंगळुरात बसतात. मी तिथंच मोबाइलवर कंपनीचा तक्ता काढला. वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस. बंद करून नुसतं ठेवायचं तापमान उणे २० ते ४५. मी दोनदा वाचलं. पस्तीस अंश आमच्याकडे होळीच्या आसपासच दुपारी होतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, कधी त्याच्याही वर. म्हणजे कंपनीच्या म्हणण्यानुसार एप्रिल-मेच्या दुपारी हे यंत्र खान्देशात वापरायचं नाही, आणि भुसावळात एखाद्या दिवशी तर ते बंद करून बाळगायचंसुद्धा नाही. उणे वीसची सोय मात्र केलेली आहे. आमच्या गच्चीवर त्याच उन्हात बायकोचे उडदाचे पापड वाळत असतात, पत्र्याला हात लावला तर चटका बसतो, आणि तिथं हे एवढं नाजूक प्रकरण.

बाबांना मी आकडे सांगितले. त्यांनी निकाल दिला. “मंग हाऊ पाव्हना से भो. हिवायामा बलावाना, उन्हाया लागना का वाटे लावाना.”

एवढ्यात ओटीपी आला, आणि पाठोपाठ माझी पत.

“काका, तुमचा स्कोअर मायनस वन येतोय. फायनान्सवाले रिजेक्ट करतात.” हे तो जरा हळू बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं? मी म्हणालो, अरे, मी आयुष्यात कोणाचं एक रुपया कर्ज घेतलेलं नाही. तो म्हणाला, “हां, तेच ना काका. हिस्टरीच नाहीये तुमची.”

माझी हिस्टरी नाही! घर वडिलांचं, स्कूटर रोखीनं घेतलेली, पानाच्या टपरीवरही माझ्या नावाची वही नाही. हा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, ३००पासून ९००पर्यंत असतो. ज्यानं हप्ते थकवले, वसुलीची माणसं दारात आली तर मागच्या दारानं निघून गेला, त्यालाही किमान तीनशेचा मान मिळतो. त्याची दखल घेतली जाते. मी दखलपात्रच नाही. आणि हे कुठं, तर जळगाव जिल्ह्यात, जिथं पतसंस्था बुडाल्या तेव्हा ठेवीदारांनी स्वतःच्याच पैशांसाठी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. त्यातल्या काही म्हाताऱ्यांना औषधाला पैसे नव्हते. त्यांनी कोणाचं बुडवलं नव्हतं, त्यांचं बुडवलं होतं. त्यांचा स्कोअर काढला तर उणे एकच येईल. जाऊ दे, टॅबवर लिहायला बसलोय.

आपली मशीन बरोबर आहे हे पटवायला पोरगा बाबांना म्हणाला, “तुमचं बघू का?” बाबांनी विनासंकोच सगळं दिलं, त्यांचा ओटीपीही मुकाट्यानं लगेच आला. स्कोअर साडेसातशेच्या वर. ट्रॅक्टरचं कर्ज फेडलेलं, त्यावर दुसरं चालू. दीड लाखाची मर्यादा जागेवर मंजूर. दुकानभर कौतुकाची कुजबुज झाली.

“माले काय करनं से?” बाबा म्हणाले, “मी त गार हवामा बठेल से.” मग माझ्याकडे बघून त्यांना खरंच वाईट वाटलं. हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. “मना नाववर लेयी ले भो. हप्ता तू भर.”

मनापासून म्हणाले. मी नको म्हणायच्या आत मागून कोणीतरी ओरडलं, “बाबा, देऊ नका, काका मायनसमध्ये आहेत, बुडवतील!” सगळे हसले. मीही हसलो, न हसून काय करतो. पण तो आवाज ओळखीचा होता, आणि त्याच्या मुलीची लग्नपत्रिका मी फुकट तपासून दिली होती, हे मी इथं लिहून ठेवतो.

बरं, मग रोख देतो म्हणालो. काही कमी करा. तर रोखीला सूट नाही. सूट ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर, म्हणजे परत कर्जावरच. नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाएवढी रक्कम आधी सूट म्हणून कापतात आणि मग व्याज म्हणून घेतात. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो वेगळा, पण ते असो. मुद्दा असा की ती सूट रोखवाल्याला मिळत नाही. उधारीवाला साहेब, रोखवाला गिऱ्हाईक.

आता लोक मला विचारतात, घ्यावा का? ज्यांच्याकडे २०२२ चा आयपॅड आहे त्यांनी मुळीच घेऊ नये. दिसायला तोच आहे. आतली चिप ए १४ ची ए १६ झाली आणि जागा ६४ची १२८ जीबी झाली, एवढंच. ज्या ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’चा, म्हणजे अ‍ॅपलच्या एआयचा, गाजावाजा चाललाय ते या मॉडेलला मिळणारच नाही. पोरगं अभियांत्रिकीला किंवा मेडिकलला असेल, पीडीएफवरच जगत असेल, तर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. मला विचाराल तर मला तो आवडला. पानं भराभर उलटतात, वेलांट्या ठसठशीत दिसतात, ४७७ ग्रॅमचं वजन हाताला जड नाही. पेन्सिलीसकट ४२,८०० होतात. तरी तो उन्हाळ्यात दुपारी चालवायचा तर खोलीत एसी लागेल, एसीचा खर्च वेगळा, आणि एसी घ्यायला गेलो की पुन्हा तोच पोरगा, तोच स्क्रीन.

त्या पोरानं निघताना मला उपाय सांगितला. बँकेत एफडी करा, त्या एफडीच्या तारणावर क्रेडिट कार्ड मिळतं, सहा-आठ महिने वापरा, वेळेवर भरा, स्कोअर तयार होतो. म्हणजे माझेच पैसे बँकेनं ठेवून घ्यायचे, त्यातलेच मला उधार द्यायचे, आणि मी ते परत केले की मी विश्वासू. मी फॉर्म आणलाय. त्यात एक रकाना आहे, ‘सध्याची कर्जे’. तिथं ‘निरंक’ लिहिलं तर बँकेतली मुलगी म्हणाली, “काही तरी असेलच ना काका, आठवून बघा.”